हवेतली बुरशी

त्या इस्पितळात एकाही रोग्याला कधी बुरशी झाली नाही. रोग्यांना न्यूमोनिया झाला, क्षय झाला, काय झालं ते न कळताही बरेच जण गेले. पण बुरशी म्हणून जी काही उगवली ती सगळी हवेला झाली. बावीस वर्षांचं रेकॉर्ड आहे, कोणीही येऊन बघावं. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत नऊ जाड रजिस्टरं आहेत आणि त्यांत पानोपानी, निळ्या शाईत, एकच शिक्का आहे: ‘हवेतील बुरशी. नमुना पुन्हा पाठवावा.’

हा शिक्का मारण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळं इस्पितळ शिक्केबाई म्हणायचं. तोंडावर नाही; तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे, आणि तेही जरा दबकूनच. बाई प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांच्या टेबलावर कोणी पेन तिरकं ठेवलं तरी त्या ते उचलून सरळ ठेवायच्या आणि ठेवणाऱ्याकडे असं बघायच्या की तो पुन्हा त्या टेबलाजवळ फिरकत नसे. शिक्क्याची लाकडी मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती आणि बाईंच्या तळहातात ती बरोबर बसायची.

काम तसं सरळ. वरच्या वॉर्डातून रोग्याची थुंकी, रक्त, नाहीतर नळी घालून फुप्फुस धुऊन काढलेलं पाणी डबीतून खाली यायचं. बाई तारेच्या बारीक कडीने त्यातला थेंब प्लेटमधल्या खळीसारख्या थरावर रेघा ओढून पसरवायच्या, प्लेट उबेच्या कपाटात ठेवायच्या, आणि तिसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायच्या. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांना शिकवलं होतं की रेघेवर उगवलं तर ते नमुन्यातलं, म्हणजे रोग्याचं. रेघ सोडून भलतीकडे उगवलं तर ते वरून पडलेलं, म्हणजे हवेतलं. एवढं तर शाळेतल्या पोरालाही कळेल. पण शाळेतल्या पोराला साहेब नसतात.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. त्यांना बुरशीचं वावडं होतं. रोगाचं नव्हे, शब्दाचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बाईंनी रिपोर्टात बुरशी लिहिली की वॉर्डातून फोन यायचा, तुमची लॅब घाण आहे. साहेब उलट सुनवायचे की तुम्हाला नमुना नीट घेता येत नाही. शेवटी बोलाचाली इतक्या वाढल्या की एका मीटिंगमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून सगळा दोष हवेवर टाकला. हवा काही खुलासा मागत नाही, मीटिंगलाही येत नाही. दुसऱ्याच आठवड्यात शिक्का करून आला. सगळ्यांची सोय झाली. बुरशी ओळखायची म्हणजे प्लेट दोन-दोन आठवडे सांभाळा, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, जात ठरवा, आणि मुख्य म्हणजे खाली साहेबांनी आपलं मत लिहून सही करा. शिक्क्याला सही लागत नव्हती.

तेव्हा ते फारसं कोणाच्या अंगाशी आलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. धडधाकट माणसाच्या छातीत रोज हवेतून बुरशीचे कण जातात आणि शरीर त्यांची परस्पर वासलात लावतं. पण पुढे वर नवा वॉर्ड सुरू झाला. तिथे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेली माणसं यायला लागली, रक्ताच्या कर्करोगाची यायला लागली. ज्यांच्या शरीराचा पहारा डॉक्टरांनीच औषध देऊन झोपवलेला असतो. अशा माणसाच्या फुप्फुसात हवेतली बुरशी शिरली की ती हवेतली राहत नाही, त्याची होते. वॉर्ड नवा आला, यंत्रं नवी आली, फरशी बदलली. शिक्का तेवढा तोच राहिला, कारण तो चांगला चालत होता.

बाईंच्या घरातही अशा पहारा झोपवलेल्या माणसाची भर पडली होती. ते त्यांचे धाकटे दीर. दीर गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या बाजूला बसायचं आणि तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्याची गाडी थांबवायची, या धंद्यात त्यांनी तीस वर्षं काढली आणि घरीही तोच धंदा चालू ठेवला. कोणी काही नवीन बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. त्यांनी लग्न केलं नाही, कारण त्यांच्या सूचनांप्रमाणे वळणारी मुलगी मिळाली नाही. वहिनींच्या नोकरीवर त्यांचा विशेष लोभ. ‘आमच्या वहिनी बुरशीची शेती करतात,’ असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे हसेपर्यंत थांबायचे.

तर या दिरांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, आणि बाईंच्या यजमानांनी, म्हणजे दिरांच्या थोरल्या भावाने, आपलं एक देऊन टाकलं. यजमान चष्म्याच्या काचा घासायचे. दिवसभर भिंगावर वाकून बसणारा, कमी बोलणारा माणूस. मूत्रपिंड देतानाही त्यांनी फार चर्चा केली नाही. बायकोला एवढंच म्हणाले की माझं एकावर भागेल म्हणतात. त्या दिवशी बाईंना नवऱ्याचा राग आला होता आणि त्याच्याबद्दल इतकी माया वाटली होती की त्या स्वयंपाकघरात जाऊन उगीचच सगळी भांडी पुन्हा घासत बसल्या.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी यादी दिली: गर्दीत जाऊ नका, तोंडाला मास्क लावा, धुळीपासून, ओल आलेल्या भिंतींपासून लांब राहा. दिरांनी यादी नीट वाचली आणि इतरांनी ती कशी पाळावी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. पाचव्या महिन्यात त्यांना मागच्या खोलीतली भिंत दिसली. कपाटामागे ओल येऊन तिच्यावर हिरवट-काळे डाग पडले होते. रंगारी दोनदा तारीख देऊन आला नव्हता. एके दुपारी बाई कामावर आणि यजमान दुकानात असताना दिरांनी कपाट सरकवलं, पत्रा घेतला आणि रोगी माणसाने राहू नये अशी ती भिंत स्वतःच्या हाताने, मास्क न लावता, वरपासून खालपर्यंत खरवडून काढली. आरोग्याची केवढी काळजी! संध्याकाळी बाईंनी जमिनीवरची भुकटी पाहिली. ‘भावजी, हे काय केलंत?’ तर भावजी म्हणाले, बघा, किती स्वच्छ झाली.

तीन आठवड्यांनी ताप आला, मग कोरडा खोकला, मग श्वास लागायला लागला. फुप्फुसाच्या फोटोत गोल डाग दिसले. छातीच्या डॉक्टर वयाने लहान आणि बोलायला तोडून टाकणाऱ्या होत्या; त्यांनी एक औषध दिलं, दुसरं दिलं, आणि नळी घालून फुप्फुस धुऊन ते पाणी तपासायला खाली पाठवलं. बाईंनी त्यांना भिंतीचं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, माझ्याही मनात बुरशीच आहे, पण लॅबचं येऊ द्या.

लॅबचं आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅबला प्रमाणपत्र देणारी तपासणी समिती यायची होती. साहेब नवा टाय लावून जिन्यात उभे होते आणि बाईंना दहाच्या आत चौदा प्लेटा उरकायच्या होत्या. प्लेटांवर नावं नसतात, आकडे असतात. प्लेट उचलायची, झाकण उघडायचं, बघायचं, शिक्का. दिरांचा नमुना आजच्यात आहे हे त्यांना माहीत होतं. पण तो आला की तो वेगळा दिसेल, त्याच्यावर काहीतरी खूण असेल असं त्यांना वाटत असावं. माणसाला आपल्या माणसाबद्दल असं वाटतंच. चौदा प्लेटा साडेनऊलाच झाल्या. दुपारी नेहमीप्रमाणे त्या वाफेच्या यंत्रात गेल्या आणि त्यांचा रबरी गोळा होऊन बाहेर पडला. समितीने टेबलाच्या स्वच्छतेबद्दल बाईंचं नाव घेऊन कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटण्याच्या वेळेत बाई वॉर्डात गेल्या. दिरांच्या नाकाला प्राणवायूची नळी होती आणि ती लावणाऱ्या नर्सने ती कशी लावायला हवी होती हे ते दमत दमत सांगत होते. कॉटच्या पायाशी फाइल अडकवली होती. बाईंनी ती सहज उघडली. सगळ्यात वरच्या कागदावर निळ्या शाईत, अगदी सरळ, त्यांचा शिक्का होता.

त्यांनी आकडा वाचला आणि त्यांना ती प्लेट आठवली. आठवली, कारण ती देखणी होती. चार ठिपके, मखमलीसारखे, काठाला पांढरे आणि मध्ये राखी-हिरवे, आणि चारही रेघेवर. मोजून रेघेवर. झाकण लावताना ‘काय सुरेख आलीय’ असं त्यांच्या मनात आलं होतं आणि त्याच क्षणी उजव्या हाताने शिक्का मारला होता. बावीस वर्षांत हाताला डोळ्यांची गरज उरली नव्हती.

दिरांनी विचारलं, काय म्हणते तुमची शेती? बाई फाइल लावून म्हणाल्या, बघते.

रात्रभर त्यांनी काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. कोणीही करेल तेच केलं. सकाळी त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. नमुना पुन्हा मागवू, ते म्हणाले, त्यात आली की नीट लिहू. बाई म्हणाल्या, रोग्याचा प्राणवायू कमी झालाय, आता पुन्हा नळी घातली तर टेबलावरच जाईल. मग रक्ताची चाचणी बाहेरगावी पाठवायला सांगा, सहा दिवसांत येते, साहेब म्हणाले. बाई म्हणाल्या, सहा दिवस त्यांच्याकडे नाहीत. साहेब जरा वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग अगदी आपुलकीने म्हणाले, ‘बाई, ही एक चूक होती म्हणून लिहून दिलंत, तर बाकीच्यांचं काय, असं उद्या कोणी विचारेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. विचार करा.’

साहेबांचं एक बरं होतं. ते वाईट गोष्टही बरोबर सांगायचे. बाईंनी विचार केला. जिना चढायला जितका वेळ लागतो तितका वेळ केला.

डॉक्टर कॉटपाशी उभ्या होत्या आणि तिसरं औषध लिहीत होत्या. यजमान भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर म्हणाल्या की बुरशीवरचं औषध द्यायचं माझ्या मनात होतं, पण लॅबने हवेतली म्हटलंय, आणि ते औषध साधं नाही. मूत्रपिंड टिकवायला जे औषध रोज चालू आहे त्याचा निचराच हे थांबवतं; मग ते रोजचं औषध रक्तात साठलं की मूत्रपिंड जातं. नुसत्या संशयावर मी भावाचं मूत्रपिंड पणाला लावणार नाही.

‘लॅबने नाही म्हटलेलं,’ बाई म्हणाल्या. ‘मी म्हटलंय. आणि ते खोटं आहे.’

डॉक्टरांनी पेन थांबवलं.

‘रेघेवर होती. चारही ठिकाणी. मी डोळ्यांनी पाहिली आणि शिक्का मारला.’

‘प्लेट कुठे आहे?’

‘वाफेत गेली.’

‘मग मी काय बघून औषध सुरू करू?’

‘माझ्याकडे बघून,’ बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं काही चांगलं नव्हतं, पण पूर्ण होतं. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, लिहून द्या. बाईंनी उभ्या उभ्या, कॉटच्या दांड्यावर फाइल टेकवून, काय पाहिलं आणि काय लिहिलं ते दोन्ही लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बावीस वर्षांनंतर त्या पहिल्यांदाच बुरशीखाली स्वतःची सही करत होत्या. डॉक्टर यजमानांकडे वळून म्हणाल्या, मूत्रपिंडाच्या रोजच्या औषधाचा डोस मी एक-तृतीयांशावर आणीन, रोज रक्त बघीन, तरी मूत्रपिंडाची खात्री देत नाही. यजमान म्हणाले, ‘मी ते त्याला देऊन टाकलंय. आता त्याचा हिशोब माझ्याशी नको. तुम्ही त्याला वाचवा.’

आणि दीर? दीर हे सगळं ऐकत पडले होते. बाईंचं लक्ष सारखं त्यांच्या पायाकडे जात होतं. चादरीखाली तो हलला नाही.

औषध शिरेतून सुरू झालं आणि रक्त बाहेरगावी तपासायला गेलं. तिसऱ्या दिवशी दिरांना भिंतीवर जांभळे आणि पिवळे पट्टे दिसायला लागले. या औषधाने काहींना असं दिसतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दिरांनी मात्र इस्पितळाच्या वायरिंगमध्ये बिघाड आहे असं निदान करून इलेक्ट्रिशियनला बोलवायला लावलं आणि तो आल्यावर त्याला स्टूल कुठे ठेवायचं ते सांगितलं. ते ऐकून बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या बाहेर जाऊन रडल्या. सहाव्या दिवशी बाहेरगावचा रिपोर्ट आला, बुरशीच होती. दहाव्या दिवशी ताप उतरला. रोज रक्त तपासलं जायचं, रोज डोस थोडा इकडे-तिकडे व्हायचा, आणि यजमानांचं मूत्रपिंड, धन्यासारखंच, एक अक्षर न बोलता काम करत राहिलं.

इकडे तळमजल्यावर बाईंच्या कागदाची चौकशी झाली. समितीच्या प्रमाणपत्राला धक्का लागता कामा नये, म्हणून चौकशी फार बारकाईने झाली आणि तिच्यात असं निष्पन्न झालं की शिक्क्यातला मजकूर थोडा मोघम होता. त्यात ‘बहुधा’ हा शब्द घालून नवा शिक्का करायला टाकला. बाईंना लेखी समज मिळाली. साहेबांना काही मिळालं नाही, कारण त्यांची सही कुठेच नव्हती.

दीर घरी आले ते गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा आणि तितक्याच सूचना घेऊन. मागच्या खोलीला कुलूप लावलं होतं. पहिल्या संध्याकाळी तिघं बसली होती. यजमान काहीतरी पुसत होते, दीर त्यांना पुसायची पद्धत दाखवत होते. मग त्यांना नेहमीची लहर आली. बाईंनी वाचवलं होतं, बाईंनीच मारत आणलं होतं. हे दोन्ही एकदम कसं म्हणायचं ते त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी चेष्टा केली.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘माझ्या आधी किती जणांना मारलात हो शिक्का?’

बोलून झाल्यावर त्यांनी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर करकचून दाबला गेला. पण शब्द पुढे गेले होते.

यजमानांच्या हातातलं फडकं थांबलं. बाई उठून आत गेल्या, आणि यावेळी भांडी घासण्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या तासभर आधी कामावर गेल्या. पहिलं रजिस्टर काढलं; मग ते परत ठेवलं आणि जिथून तो नवा वॉर्ड सुरू झाला होता ते चौथं काढलं. त्यात आकडे होते, तारखा होत्या, शिक्के होते. नावं नव्हती. नावं दुसऱ्या मजल्यावर रेकॉर्ड विभागात असतात, आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस घरी गेला की नाही ते लिहिलेलं असतं. बाई रजिस्टर छातीशी धरून जिना चढल्या.

रेकॉर्डवाला नुकताच येऊन खुर्ची पुसत होता. बाईंनी रजिस्टर खिडकीवर उघडलं आणि पहिल्या शिक्क्यासमोरच्या आकड्यावर बोट ठेवलं. हा कोण होता ते बघायचंय, म्हणाल्या. रेकॉर्डवाल्याने फॉर्म पुढे सरकवला. नियमच होता, नात्याशिवाय फाइल काढता येत नव्हती.

‘पेशंटशी नातं?’ त्याने विचारलं.

बाईंनी पेन घेतलं. त्या रकान्यात लिहिलं, ‘याचा रिपोर्ट मी दिला होता.’

रेकॉर्डवाल्याने ते वाचलं आणि आकडा बघून तो मागच्या कपाटांकडे गेला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. आकड्यावरचं बोट त्यांनी काढलं नाही.